तिसऱ्या पट्ट्यातली जागा

मोजणीच्या आदल्या दिवशी बाई पेन्सिली तासत बसल्या होत्या. चार पेन्सिली, दोन त्यांच्या आणि दोन लेकीच्या. बेटावर शाईचं पेन चालत नसे. खारं दव लागलं की अक्षर पसरतं आणि तीनाचा आठ होतो. बाईंना ते कसं खपावं? किनाऱ्यावरच्या ऑफिसात सगळे त्यांना काटेकोरबाई म्हणत, अर्थात माघारी. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

बेट म्हणजे समुद्रात बसलेला एक लांबट खडक. एका बाजूला उभा कडा, त्यावर कुरव पक्ष्यांची आणि पाणकावळ्यांची घरटी. दुसऱ्या बाजूला गोट्यांचा किनारा, तिथे सील. किनाऱ्यापासून पंचवीस पायऱ्या चढल्या की दोन खोल्यांची चौकी, आणि चौकीपुढे लांब ओटा. वर्षातले पाच महिने बाई इथे राखण करत. कुणाची बोट लागू द्यायची नाही, कुणाला अंडी उचलू द्यायची नाहीत, आणि हंगामाच्या शेवटी साऱ्या जनावरांची मोजदाद करून आकडा ऑफिसला द्यायचा. अशी बावीस वर्षं झाली. नवऱ्याला बोट लागायची, त्यामुळे तो दर वर्षी धक्क्यावरूनच हात हलवून घरी परतायचा.

हा हंगाम शेवटचा होता. बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी लेकीला घ्यायला ऑफिस तयार होतं. अट एकच, लेकीच्या मोजणीवर बाईंची सही हवी. ती नसेल तर कड्यावर कॅमेरे बसवायचे आणि चौकीला कुलूप घालायचं, असं ठरलं होतं.

"आई काय लेकीला नापास करते होय!" साहेब हसत म्हणाले होते. साहेब नवीन होते, बाईंना अजून ओळखत नव्हते.

सीलच्या मोजणीची पद्धत बाईंचीच होती. किनाऱ्यावर चुन्याने रंगवलेले दगड टाकून सहा पट्टे पाडलेले होते; पहिला पायऱ्यांच्या अगदी पायथ्याशी, सहावा पार कड्याखाली. दोघींनी ओट्याच्या दोन टोकांना बसायचं, दुर्बिणीतून एकेक पट्टा मोजायचा, आकडे आपापल्या चिठ्ठीवर लिहायचे. चिठ्ठ्या टेबलावर उलट्या ठेवायच्या आणि एकदमच सुलट्या करायच्या. तोवर विचारायचं नाही, सांगायचं नाही. तीन दिवस, तीन मोजण्या. ऑफिसला दहाचा फरक चालत असे. बाईंना एकाचाही चालत नसे. तीनांतली एकही मोजणी तंतोतंत जुळली नाही, तर सही नाही.

"एकाचाही फरक चालणार नाही? माझ्यासाठीसुद्धा?" लेकीने विचारलं होतं.

"तुझ्यासाठी तर मुळीच नाही," बाई म्हणाल्या.

लहानपणी या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नसे. घरातली प्रत्येक गोष्ट दारात जाऊन सांगून यायची. पण मागच्या आठवड्यात पक्ष्यांची मोजणी झाली तेव्हा दिवसभर एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळी चिठ्ठ्या उलटल्या, तर दोन्हींवर एक हजार दोनशे सात घरटी. लेकीने टुणकन उडी मारली. बाई फक्त "ठीक आहे" म्हणाल्या आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवता ठेवता एकट्याच हसल्या. खाण तशी माती, त्यांच्या मनात आलं. अभिमानाने ऊर भरून आला होता, पण सांगायचं कुणाला?

सीलची पहिली मोजणी स्वच्छ उन्हात झाली. वारा नव्हता. खालून ओल्या केसांचा आणि मासळीचा उग्र दर्प येत होता, जनावरं एकमेकांना ढुसण्या देत कण्हत होती. गर्दी इतकी की तीळ ठेवायला जागा नाही. दुपारी चिठ्ठ्या उलटल्या. पाच पट्टे जुळले. पाचव्यात बाईंचे एकसष्ट, लेकीचे बासष्ट.

"एक जनावर दोनदा मोजलंस," बाई म्हणाल्या.

"नाही आई. पाचव्यात एक मोठा आहे, काळा. आपल्याकडे पाठ करून पडलाय. तो तुझा सुटला असेल."

बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. बावीस वर्षांत त्यांचं एकही जनावर सुटलं नव्हतं. पण झोपताना त्यांनी दुर्बिणीच्या काचा तीनदा पुसल्या, आणि मग हळूच एक डोळा मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचली. दुसरा मिटून पुन्हा वाचली. डोळे गेले असतील तर कधीपासून गेले? मागच्या वर्षापासून? त्या आधीपासून? मग त्या सगळ्या आकड्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी बाईंनी डोळ्यांत तेल घालून मोजलं. चिठ्ठ्या उलटल्या. या वेळी पाचवा पट्टा जुळला. तिसऱ्यात बाईंचे चौऱ्याऐंशी होते, लेकीचे पंच्याऐंशी.

"तोच आहे," लेक म्हणाली. "आज अलीकडे आलाय."

बाईंनी लेकीची चिठ्ठी उचलून पाहिली. मग चिठ्ठी तिच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "तुला ही जागा हवी आहे ना? खोड ते. चौऱ्याऐंशी कर. मी आत्ता सही करते."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. तिने चिठ्ठी उचलली आणि खिशात घातली. "मी पदरचं काही घातलं नाही, आई. आणि जे दिसलं ते पदराखाली झाकणारही नाही. जागा गेली तर जाऊ दे."

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं, हसू दिसू नये म्हणून. परीक्षा होती ती, आणि पोरगी पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाली होती. अशा पोरीला खोटं दिसणार नाही, हे बाईंना आता पुरतं पटलं. पण खोटं त्यांनाही दिसत नव्हतं; मग दोघींचे आकडे वेगळे कसे?

"चल, दाखव," त्या म्हणाल्या.

चार वाजले होते. दोघी ओट्यावर एकाच दुर्बिणीशी उभ्या राहिल्या. लेकीने बोट केलं. बाईंनी पाहिलं. तिसऱ्या पट्ट्याच्या मधोमध, त्या धक्काबुक्कीत, एक जागा रिकामी होती. माणूसभर लांब, ओल्या गोट्यांची. सकाळी मोजताना ती त्यांना दिसली होती. रिकामी जागा मोजायची नसते, म्हणून नजर पुढे गेली होती. आता त्यांनी नीट पाहिलं. भोवतालची जनावरं अंग चोरून बसली होती. एकही पिल्लू त्या जागेत शिरत नव्हतं. वरून एक कुरव खाली उतरला, पाय सोडले, आणि मधेच चीत्कारून वळला. कुरव मोकळी जागा कधी सोडत नाही, हे बाईंना बावीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"तुला तिथे काय दिसतं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"तो. आज कुशीवर आहे." लेक कुजबुजली. "आई... सीलला एवढी लांब मान असते का गं?"

बाईंनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. कारण ती जागा हलायला लागली होती. अलीकडची दोन जनावरं घाईघाईने बाजूला सरली. पलीकडची दोन पुढे येऊन टेकली. पुन्हा दोन सरली, पुन्हा दोन टेकली. गर्दीतून रिकामेपण सरकत होतं, सावकाश, थांबत थांबत. तिसऱ्या पट्ट्यातून दुसऱ्यात. चुन्याचा दगड ओलांडून पहिल्यात. पायऱ्यांच्या पायथ्याशी येऊन ते थांबलं. तेवढ्या भागात किनारा गप्प झाला. एकही सील कण्हत नव्हता.

"आता तो..." लेक एक पाऊल मागे सरली. "आता तो इकडेच बघतोय."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. पण त्या मागे हटल्या नाहीत. लेकीला पाठीशी घातलं, कंबरेवर हात ठेवले आणि खालच्या मोकळ्या गोट्यांना दरडावून म्हणाल्या, "माझ्या किनाऱ्यावर मोजल्याशिवाय कुणी राहत नाही. कोण आहेस?"

समुद्रावरून धुकं आलं आणि पायऱ्या दिसेनाशा झाल्या. दोघी आत गेल्या. बाईंनी दाराला अडसर लावला. बावीस वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदाच लावला होता, आणि गंजामुळे तो बसता बसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरलं. दोघी आपापल्या टोकाला बसल्या. लेकीने मोजलं, बाईंनी मोजलं. आज पहिल्या पट्ट्यात कुठेही मोकळी जागा नव्हती. जनावरं नेहमीसारखी एकमेकांच्या अंगावर लोळत होती. आत येऊन बाईंनी पुन्हा अडसर लावला आणि दोघींनी चिठ्ठ्या उलटल्या. सहाही पट्टे जुळले. दोन्हीकडे बेरीज तीनशे एकोणऐंशी.

बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि पुन्हा एकदा वाचल्या. बावीस वर्षांचं नाव राहिलं होतं. डोळे शाबूत होते. आणि लेकीने हे सारं कुणाच्या दयेवर नाही, स्वतःच्या नजरेवर मिळवलं होतं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि ठसठशीत सही केली. मग न राहवून लेकीच्या गालावरून हात फिरवला. "माझ्यापेक्षा तुझी नजर चांगली आहे. हे मी ऑफिसात सगळ्यांसमोर सांगणार आहे," त्या म्हणाल्या.

लेक हसली नाही. ती टेबलाच्या कडेशी बसली होती, आणि खुर्ची तिने भिंतीला अगदी चिकटवून घेतली होती.

"किनाऱ्यावर तो नाही ना आता?" बाईंनी विचारलं.

"किनाऱ्यावर नाही."

"मग?"

लेकीने मान खाली घातली. "विचारायचं नाही, सांगायचं नाही. तूच म्हणतेस ना, आई..."

खोलीत ओल्या केसांचा वास येत होता. बाईंनी दाराकडे पाहिलं. अडसर आपल्या जागी होता, पण आतल्या बाजूने, उंबऱ्यापासून टेबलापर्यंत, फरशी ओली होती.

बाई उठल्या. भराभर सामान बांधलं, फॉर्म मेणकापडात गुंडाळून छातीशी धरला. बोट दुपारी येणार होती, पण त्या तासभर आधीच लेकीचा हात धरून पायऱ्या उतरल्या आणि बोट लागते त्या दगडावर जाऊन उभ्या राहिल्या. मागे वळायचं नाही, असं त्यांनी लेकीला बजावलं. लेक म्हणाली, "मला वळायची गरजच नाही."

बोटवाला वेळेवर आला. गेली दहा वर्षं तोच त्यांना नेत-आणत असे, गप्पिष्ट गडी.

"काय बाई, झाली का शिरगणती? पोरगी पास की नापास?"

"पास. तंतोतंत," बाई म्हणाल्या. एवढ्या भीतीतही त्यांची मान ताठ झाली.

"मग पेढे... नाही, चहा तरी पाजा धक्क्यावर." त्याने आधी सामान घेतलं, मग लेकीला हात दिला, मग बाईंना. लेक डाव्या फळीवर बसली. बाई दोन्हीकडे वजन सारखं राहावं म्हणून नेहमीप्रमाणे समोरच्या उजव्या फळीकडे निघाल्या.

"तिथे नको," लेक पटकन म्हणाली. तिने आईचा हात घट्ट धरला आणि तिला स्वतःशेजारी ओढून बसवलं.

बोटवाला खो खो हसला. "अहो, दोघी एका बाजूला बसलात तर पाणी पिईल ना बोट! ताई, तुम्ही तरी..."

तो बोलता बोलता थांबला. बोट डावीकडे कलली नव्हती. दोघी डावीकडे, उजवी फळी मोकळी, आणि बोट पाण्यावर सरळ उभी होती. त्याने पायाने तळ दाबून पाहिला. डावीकडचं सामान उजवीकडे सरकवलं, तर बोट उलट उजवीकडे झुकली. त्याने सामान गुपचूप परत होतं तिथे ठेवलं. मग खिशातून फेरीचा कागद काढला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"बाई... कागदावर माणसं किती लिहू?"

लेकीची बोटं बाईंच्या तळहातात थंडगार झाली होती. ती समोरच्या फळीकडे पाहत नव्हती; जरा वर, कुणाच्या तोंडाकडे पाहावं तसं पाहत होती. बाईंनी नजर समुद्रावरच ठेवली. मेणकापडातला फॉर्म छातीशी आणखी घट्ट धरला.

"दोन," त्या ठणकावून म्हणाल्या. "लिहा. माझा आकडा कधी चुकत नाही."

आयुष्यात न मोजता सांगितलेला तो त्यांचा पहिला आकडा होता. बोटवाल्याने तो लिहिला, इंजिन सुरू केलं, आणि किनारा येईपर्यंत उजव्या बाजूला एकदाही पाहिलं नाही.