सशाचा कान

ही हकिकत खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली, त्या माईंना पदरचा मीठमसाला लावून सांगण्याची सवय नाही.

माईंच्या पणजीने बाहुल्यांच्या खेळासाठी कापडाचा ससा शिवला. आजीने तो पेटीत जपला. आईने पेटीतल्या इतर बाहुल्यांना आवाज दिला. आणि माई, सत्तरी उलटली, गुडघे गेले, तरी सतरंजीवर बसून तान्ह्या मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ करीतच राहिल्या.

घराण्याचा दंडक असा, की खेळ संपला की प्रत्येक मुलाने बाहुलीला हात लावायचा. आणि मूल आपणहून सोडेपर्यंत बाहुली ओढून घ्यायची नाही.

हा दंडक एकदाच मोडला. पणजीच्या वेळी थिएटरच्या मालकाने घाईघाईने सगळ्यांना बाहेर काढलं. दोन वर्षांची एक मुलगी सशाकडे हात पसरून रडत गेली.

"पुढच्या खेळाला पहिला मान तुझा हं," पणजी म्हणाली.

मुलगी पुन्हा आलीच नाही. त्याच आठवड्यात तापाने गेली.

पणजीने ससा पेटीत ठेवला, तो कायमचा.

त्याच थिएटरच्या नव्या व्यवस्थापकाने तो बाहेर काढला. माई आजारी असताना त्यांच्या मुलाशी गोड बोलून ससा नेला आणि प्रवेशदालनात काचेच्या कपाटात कुलूपबंद केला. वर पाटी लावली, 'हात लावू नये.'

माईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो माई, पोरं लाळ लावतील त्याला!" व्यवस्थापक म्हणाला.

"लाळेसाठीच शिवलाय तो. तुमच्या शोभेसाठी नाही!"

गेल्या हिवाळ्यातला रविवार. सकाळचा खेळ.

दारं अजून उघडायची होती. झाडलोट करणारी बाई काचेपाशी थबकली होती.

"माई, दोनदा पुसली मी. पण हे बघा ना..."

काचेवर अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर... इवल्याशा तळहाताचा ओला ठसा.

माई ठसा निरखून पाहून खेळाला बसल्या. खेळ छान रंगला. शेवट झाला आणि घंटा खणखणली.

"आटपा, आटपा!" व्यवस्थापक दारातूनच ओरडला. "पुढची मंडळी खोळंबलीत. हात लावणं बिवणं आज नको."

आया उठल्या. मुलांनी भोकाड पसरलं.

आणि एकाएकी... सगळी गप्प.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मांडीवरचं एक बाळ खुदकन हसलं. त्याने हात हलवून टाटा केला... दारात, खाली, जिथे कुणीच नव्हतं.

थप...

आवाज दालनातून येत होता.

थप... थप...

काचेवर तळहात आपटल्यासारखा.

व्यवस्थापकाने वळून पाहिलं. दालन रिकामं होतं. आवाज थांबला नाही.

माई काठी टेकत त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"किल्ली."

"माई, जरा ऐकून तर घ्या..."

"किल्ली द्या. नाहीतर काठी माझी आहे आणि काच तुमची."

त्याने किल्ली दिली.

माईंनी दालनात जाऊन कपाटातून ससा काढला. कण्हत जमिनीवर बसल्या आणि तो पुढे धरला.

"ये गं बाळ. पहिला मान तुझाच. फार वाट पाहायला लावली आम्ही. रागव हवं तर, पण ये."

काहीच नाही...

मग सशाचं डोकं खाली झुकलं.

त्याचा डावा कान सरळ ताणला गेला. समोर कुणीही नसताना.

आयांनी मुलांना उराशी घट्ट धरलं. व्यवस्थापक भिंतीला चिकटला. माईंचं मनगट दुखू लागलं, कपाळाला घाम फुटला. त्यांनी ससा ओढून घेतला नाही.

किती वेळ गेला, कुणालाच सांगता येत नाही.

कान सुटला.

तो चिंब ओला होता. टोकावर दुधाच्या दातांच्या बारीक खुणा होत्या.

"आता तुमची पाळी," माई मुलांना म्हणाल्या. एकेक मूल रांगत, धडपडत आलं. घंटा कुणी वाजवली नाही.

ससा आता माईंच्या उशाशी असतो. तो कान काही केल्या वाळत नाही. का, ते माईंना ठाऊक नाही. रात्री हात लागला की अजूनही दचकतात.

पण काचेवर पुन्हा ठसा उमटला नाही. पणजीने दिलेला शब्द, चौथ्या पिढीत का होईना, पुरा झाला.