खोपटात थेंबही नको

बिअरचं खोकं गाडीतच ठेवलंयस ना, आशुतोष? असू दे. काका म्हणून मी काही ते जप्त करणार नाही. उद्या बर्फावर तंबू ठोकायचा, भोक पाडून गळ टाकायचा आणि मासा लागेपर्यंत घसा गरम करायचा, हा तुमचा बेत तुझ्या काकूने मला मघाशीच सांगितलाय. तळ्याच्या काठावर पाटी आहे, तंबूत दारू पिऊ नये म्हणून. त्यावर या ज्ञानदाबाईंचं म्हणणं काय, तर "बट काका, टेंट आपलाच आहे ना? मग हू केअर्स?"

बरोबर आहे बाई. तू इथे हॉलंडात, नायमेखनमध्ये जन्मलीस, तुला इथले नियम माझ्यापेक्षा जास्त कळणार. तो मोठा दिवा मात्र मालव. डोळ्यांवर येतो. हं. आता बसा दोघंही, एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. माझ्याच ऑफिसातल्या माणसाची आहे, आणि तिचा शेवट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

अरुण त्याचं नाव. पुण्याचा. युट्रेख्टच्या बाहेर एका खेड्यात तो आणि त्याची बायको शर्मिला राहायचे. मी तेव्हा शेजारच्याच गल्लीत. दोन हजार एकवीसचा फेब्रुवारी. लॉकडाऊन चालू, रात्री नऊनंतर बाहेर पडायचं नाही. आणि नेमकी त्याच महिन्यात बऱ्याच वर्षांनी कडाक्याची थंडी पडली, तळी गोठली. आठवतंय ना?

आदल्या सप्टेंबरात अरुणचे वडील पुण्यात गेले. अप्पा. कोविडच. याला जाता आलं नाही. एकुलता एक मुलगा, पण बापाच्या तोंडात शेवटचं पाणी घालणं नशिबात नव्हतं. अग्नी दिलेला फोनवर पाहिला, तोही मधेमधे अडकत. त्याच दुपारी ऑफिसच्या मीटिंगला हजर. मी म्हटलं, अरे बंद कर तो लॅपटॉप. तर म्हणाला, "काही वाटतच नाहीये हो मनोहरकाका. जीभ भाजल्यावर चव लागत नाही ना, तसं झालंय."

पाच महिने त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. संध्याकाळी प्यायला मात्र लागला. शर्मिला म्हणायची, "अरे, एकदा रड. माझ्यावर ओरड हवं तर. पण हे असं दगडासारखं बसू नकोस." तो म्हणायचा, "येतच नाही गं." तिला खरी भीती वाटायला लागली होती, की हा असाच आतून विझत जाणार आणि एक दिवस हाताला लागायचा नाही. मलाही वाटत होती.

अप्पांना मी ओळखत होतो. दोनदा इथे येऊन गेले होते. कडक माणूस. मुलाला हाक म्हणून मारायचे नाहीत. हाक मारली की पोरं लाडावतात, असं त्यांचं शास्त्र. सकाळी अरुणला उठवायचं तर दारावर काठी आपटायची. ठक, ठक. बस. त्या काठीचं खालचं रबरी बूच एका बाजूने पार झिजलं होतं. मातीत टेकवली की अर्धाच ठसा उमटायचा, अर्धचंद्रासारखा. शेवटच्या फोनवर म्हणाले होते, तिकडे चांगलं मिळतं, येताना एक बूच घेऊन ये. अरुणने घेतलं. द्यायचं राहिलं. ते त्याच्या कोटाच्या खिशातच पडून असायचं.

तर, अरुणचा शेजारी विम. म्हातारा डच माणूस, मासे धरायचा नाद. गावामागे जुनं तळं आहे, त्याच्यावर त्याने ताडपत्रीचं खोपटं उभं केलं. आत एक स्टूल, एक कंदील आणि बर्फाला पाडलेलं भोक. बादली जेमतेम जाईल एवढं. अरुणला तो दोनदा घेऊन गेला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, की इथे एकट्याने बसायचं नाही, पडदा लावून घ्यायचा नाही, आणि खोपटात दारू नको. थेंबही नको.

अरुणने विचारलं, पोलीस पकडतात का?

विम म्हणाला, "पोलिसांनी पकडलं तर बरंच की." मग म्हणाला, फार वर्षांपूर्वी एकजण इथे बाटली घेऊन बसला होता. सकाळी स्टूल सापडलं, बाटली सापडली. माणूस नाही. अरुणने त्या भोकाकडे पाहिलं. त्यातून माणूस जाणं शक्यच नव्हतं. विमने विषय बदलला.

अकरा फेब्रुवारी, गुरुवार. पौषातली अमावास्या. संध्याकाळी विमचा फोन आला. पाय घसरून घोटा सुजलाय, खोपटातला कंदील तसाच जळतोय, तेवढा विझवून ये. बसू नकोस, दिवा विझव आणि ये. शर्मिला म्हणाली, नऊच्या आत परत ये रे बाबा, नाहीतर दंड बसेल. अरुणने कोट चढवला. आतल्या खिशात चपटी बाटली होती. ती शर्मिलाला माहीत नव्हती.

बर्फावर रविवारचं हिम भुसभुशीत पसरलं होतं. वारा कान कापत होता. खोपटाची ताडपत्री आतून पिवळी दिसत होती. तो आत शिरला, कंदिलाला हात घातला... आणि त्याला वाटलं, घरी जाऊन तरी काय करायचंय? दोन मिनिटं टेकू.

टेकला. वारा आत येत होता म्हणून पडदा लावून घेतला. बाटली काढली, झाकणात ओतली.

आता आपल्या लोकांची एक सवय तुम्हाला ठाऊक आहे. आशुतोष, तूही करतोस, मी पाहिलंय. घोट घेण्याआधी ग्लासात बोट बुडवायचं आणि दोन थेंब शिंपडायचे. का, ते धड कुणालाच सांगता येत नाही. गेलेल्यांच्या नावाने म्हणे. अरुणने बोट बुडवलं. समोर ते भोक, काळं पाणी. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. त्याने दोन थेंब त्या पाण्यात उडवले आणि म्हणाला,

"अप्पा, घ्या."

पाणी हललं. मासा असेल, त्याला वाटलं.

मग खालून आवाज आला.

"अरुण..."

जड आवाज. तोंडात पाणी धरून बोलावं तसा. पाच महिने ज्याची वाट पाहिली, तो आवाज कसा का असेना, माणूस ओळखतोच. हा घाबरलासुद्धा नाही, पोरांनो. मला म्हणाला, "काका, मला बरं वाटलं."

"अरुण... तहान लागलीय."

शेवटचं पाणी राहिलं होतं ना? त्याने झाकण रिकामं केलं पाण्यात.

"आणखी."

ओतली.

"आणखी..."

तो गुडघ्यांवर आला. पाणी भोकातून वर येत होतं. बर्फावर पसरत होतं. गुडघे भिजले. त्याला कळलं नाही. हात पाण्यात मनगटापर्यंत गेला होता. तेही कळलं नाही. सगळं बधिर... शांत. आता इथेच राहावं, असं वाटायला लागलं.

"तूही घे. आपण बसू दोघं. ये..."

त्याने बाटली तोंडाला लावली.

आणि थांबला.

अप्पा... होमिओपॅथीच्या थेंबांना स्पिरिटचा वास येतो म्हणून ते डॉक्टरला परत करून आलेले अप्पा. पोराच्या लग्नात कुणी प्यायलं म्हणून पंगतीतून उठलेले अप्पा. आणि जन्मात कधी हाक न मारलेले.

त्याने हळूच विचारलं.

"अप्पा... तुम्ही कधीपासून घ्यायला लागलात?"

खाली काहीच नाही.

वारासुद्धा नाही.

कंदील बारीक झाला. पाण्यात गेलेला हात त्याने ओढला.

निघेना.

पुन्हा ओढला...

आणि पाठीमागे, पडद्याच्या बाहेर...

ठक.

ठक.

पोरांनो, तिशी ओलांडलेला माणूस, पण ती काठी ऐकल्यावर अंथरुणातून उठायचं, एवढंच त्याच्या अंगाला माहीत होतं. तो उठला. हात कसा सुटला, त्याला सांगता येत नाही. पडदा फाडून बाहेर पडला. बाहेर कुणीही नव्हतं. मागे बर्फ कडाडला, तसा तो काठाकडे चालत सुटला. पळाला नाही. म्हणाला, "पळावंसं वाटलं नाही काका. बरोबर कुणीतरी सावकाश चाललं होतं."

घरी आला तेव्हा नऊ वाजायचे होते. शर्मिलाने दार उघडलं, आणि हा उंबऱ्यातच बसून लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. तिने मला बोलावलं. नऊ वाजून गेले होते, तरी मी गेलो. शर्मिला त्याचे पाय पुसत होती आणि स्वतःही रडत होती. त्याने सगळं सांगितलं. मी मान डोलावली. खरं सांगू? विश्वास ठेवला नाही.

सकाळी उजाडल्यावर आम्ही दोघं तळ्यावर गेलो. खोपटं अर्धं पाण्यात कलंडलं होतं. भोक आता चांगलं खाटेएवढं झालं होतं. काठापासून खोपटापर्यंत जाणारी पावलं एका माणसाची. परत येणारीही एकाच माणसाची. पण परत येताना त्या पावलांच्या डाव्या बाजूला, प्रत्येक पावलाशी, हिमात एक छोटा खड्डा होता.

अर्धा. अर्धचंद्रासारखा.

थेट काठापर्यंत. शेवटचा ठसा काठावरच्या बाकाशी.

अरुण कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने खिशातून ते नवं बूच काढलं, शेवटच्या ठशाशेजारी नीट ठेवलं, हात जोडले आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. का, ते विचारू नका. राहवलं नाही.

बूच नव्हतं. म्हटलं, कुत्र्याने नेलं असेल, पोरांनी उचललं असेल.

पण बाकाच्या पलीकडे, जिथे काल कोरं हिम होतं... तिथे एकच ठसा होता. आजूबाजूला पाऊल नाही, काही नाही.

पूर्ण गोल.