तिसरं घर

सूर्यवादळानं उपग्रह भाजून निघाले, मोबाइल म्हणजे खिशातला दगड झाला, आणि किनाऱ्याला एकच आवाज उरला. सरकारचा. टेकडीवरच्या दोन दांडग्या प्रक्षेपकांतून तो रात्रंदिवस चालायचा. त्याला महानाद म्हणत. आज दुपारीही महानाद तेच सांगत होता: चक्रीवादळात सापडलेल्या सगळ्या होड्या सुखरूप परतल्या आहेत, समुद्रात आता कुणीही नाही.

फुलवंती तांडेलचा नवरा परतला नव्हता.

ती टेकडी चढून थेट ऐकणी केंद्रात घुसली. होड्यांच्या हाका ऐकायला हौशी रेडिओवाल्यांचे जुने सेट गोळा करून हे केंद्र उभं केलं होतं. वीज टेकडीवरच होती, म्हणून कानही तोंडाला चिकटूनच बसवले होते. असली अक्कल सरकारलाच सुचते. केंद्र सांभाळणारे डॉ. चारुहास गोगटे पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर प्रत्येक आवाजाची एक उभी रेघ उमटायची. मधोमध महानादच्या दोन जाड, पांढऱ्याफेक रेघा होत्या. आजूबाजूला मिट्ट काळोख.

"तिसरं घर दाखवा," फुलवंती म्हणाली.

मच्छीमार सोसायटीनं सगळ्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या कप्तानांना, सांगून ठेवलं होतं: रेडिओच्या पट्टीवर महानादची दोन घरं सोडा, त्यांच्यात जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावरचं पुढचं घर आपलं. लक्षात ठेवायला सोपं, म्हणून सगळ्या होड्या तिथंच हाक मारायच्या.

गोगट्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग त्यांनी समजावलं. दोन आवाज फार जोराचे झाले की घेणारं यंत्र गुदमरतं आणि नसलेले आवाज स्वतःच तयार करतं. ती भुतं. ती नेमकी तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना उमटतात. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून गोगट्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता, भूतपुसणी. भुताच्या जागी जे दिसेल ते पुसून टाकायचं.

"म्हंजे आमचं घरच पुसलंत."

त्यांनी भूतपुसणी बंद केली. डावीउजवीकडे एकेक रेघ उमटली. फुलवंतीनं उजवीकडच्या रेघेवर बोट ठेवलं. गोगट्यांनी मान हलवली आणि सगळा सिग्नल दाबणारं बटण फिरवलं. खरा आवाज दाबावा तेवढाच दबतो, भूत त्याच्या तिप्पट कोसळतं. रेघ धाडकन कोसळली.

"भूतच आहे, बाई."

"आन् त्याच्या खाली?"

जोराच्या आवाजापुढे यंत्र स्वतःचे कान झाकून घेतं. खाली कुणी असलंच, तर महानाद थांबल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यांनी तारेचा फोन फिरवून नियंत्रण अधिकाऱ्यांकडे मिनिटभर शांतता मागितली. साहेब म्हणाले, महानाद गप्प झाला तर लोक घाबरतील. शिवाय सगळे परतल्याचा अहवाल तुमच्याच सहीनं आलाय ना, मग ऐकायचंय कुणाला?

गोगट्यांनी फोन ठेवला. फुलवंती भिंतीवरच्या, महानादची वीज तोडणाऱ्या मोठ्या खटक्याकडे बघत होती.

"तुमी हात लावा, न्हायतर मी लावते. मला त्यातलं काय कळत न्हाय, कायतरी जळंल."

गोगट्यांनी खटका खाली ओढला.

दोन्ही पांढऱ्या रेघा विझल्या. डावीकडचं भूत गेलं. यंत्रानं कानांवरचे हात काढले, पडदा हळूहळू उजळला, आणि उजवीकडे, तिसऱ्या घरात, केसासारख्या बारीक रेघांचा झुबकाच दिसू लागला. एकमेकींना खेटून, थरथरत. गोगट्यांना त्या मोजवेनात.

त्यांनी स्पीकर लावला. माणसं एकावर एक बोलत होती. त्यातला नवऱ्याचा घोगरा आवाज फुलवंतीनं लगेच ओळखला.

फोन खणाणला. महानाद का थांबला, साहेब विचारत होते. फुलवंतीनं रिसीव्हर हिसकावला आणि स्पीकरला लावून धरला. गोगट्यांनी तो परत घेऊन कानाला लावला. मग साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "गोगटे, आधी महानाद चालू करा. लोकांच्या कानावर हे जाता कामा नये."

गोगट्यांचा हात सवयीनं खटक्याकडे गेला. तिथं फुलवंती पाठ लावून उभी होती.

समुद्रातल्यांना महानाद पहिल्या दिवसापासून खणखणीत ऐकू येत होता. प्रत्येक बातमीपत्र. म्हणूनच ती माणसं मदत मागत नव्हती. फुलवंतीचा नवरा पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होता, "आमी परत आलो न्हाय. ओ, ऐकताय का? आमी आलो न्हाय."