कारण: हवा चांगली होती

शिवाजीनगरच्या भाजीबाजारातून विशाखाताई घरी पोचल्या, स्कूटी अंगणात लावली, डिकी उघडली, आणि मेथीच्या जुडीऐवजी त्यांच्या हाताला एक स्टीलची डबी लागली. डबीत रुमाल होता. रुमालात दात.

पूर्ण कवळी. वरची आणि खालची.

त्या दोन पावलं मागं सरल्या. मग सवयीनं पुन्हा पुढं होऊन नीट पाहिलं. स्कूटी त्यांच्यासारखीच राखाडी, उजव्या आरशाला तसाच तडा. फक्त नंबर वेगळा. किल्ली मात्र त्यांचीच होती. अकरा वर्षं वापरून तिच्या कडा झिजल्या होत्या, आणि झिजलेली किल्ली दुसऱ्या तितक्याच झिजलेल्या कुलुपात खुशाल फिरते. मेथी डिकीत ठेवून त्या टोमॅटो आणायला परत बाजारात शिरल्या होत्या. आल्या, पिशवी पायाशी ठेवली आणि शेजारची गाडी सुरू करून निघाल्या.

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. विशाखाताईंना आलं नाही. कारण त्यांच्या गाडीच्या डिकीत, मेथीखाली, त्यांची वही होती.

त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. माती परीक्षणाच्या सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं काम करून निवृत्त झाल्या होत्या. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. गारखेड्यातल्या घरात एकट्याच राहत. जुलैत दूध गॅसवर ठेवून त्या वाचनालयात गेल्या आणि शेजाऱ्यांना दाराची कडी तोडावी लागली. तेव्हा मुलानं, इंद्रजीतनं, बंगळुरूहून निक्षून सांगितलं होतं, “आई, दिवाळीच्या आत डॉक्टरांना दाखव. काही निघालं तर घर बंद कर आणि इकडं ये.”

त्या दिवसापासून त्यांनी वहीत नोंदी सुरू केल्या. तारीख, वेळ, चूक, कारण. चार रकाने, पट्टीनं आखलेले.

फोन वाजला.

“विशाखा मॅडम का?” पलीकडच्या आवाजातून हवा निसटत होती. “तुमची गाडी माझ्याकडं अन् माझी तुमच्याकडं. गाडीचं राहू द्या… दात हायेत ना नीट?”

“आहेत.”

“मंग झालं. लई टोचतात म्हणून काढून ठिवले होते. दोन कणसं घेतलीत भाजलेली. बघत बसलोय त्यांच्याकडं.”

विशाखाताईंना हसू आलं, पण त्यांनी ते फोनवर जाऊ दिलं नाही. “डिकीत एक वही आहे. ती उघडू नका.”



“मंग नंबर कुठून मिळाला म्हणता?”

खरंच होतं. आधीची वही हरवली, म्हणून नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच नाव, पत्ता आणि नंबर लिहून ठेवला होता.

बाजाराबाहेर रसवंतीपाशी ते भेटले. उंच, पांढऱ्या मिशांचा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांचा माणूस. डबी हातात पडताच त्यानं पाठ फिरवली, आणि पुन्हा वळला तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

“काकासाहेब,” त्यानं नाव सांगितलं. “मूळ गंगापूरचा. एसटीच्या वर्कशॉपात फोरमन होतो. एकतीस वर्षं.”

“वर्कशॉपमध्ये होतात आणि स्वतःची गाडी ओळखता आली नाही?”

“तुम्हाला आली?”

विशाखाताईंनी वही घेतली. “किती वाचलंत?”

“सत्यनारायणापर्यंत. एकाच दिवशी, एकाच घरी दोनदा गेलात. अन् दोन्ही बारीला प्रसाद घेतला?”

“त्यांनी दिला. त्यांनाही आठवत नव्हतं.”

काकासाहेब इतके हसले, की रसवंतीवाल्यानं मान वर केली. मग म्हणाले, “पुढच्या पानावर कारणाच्या रकान्यात ‘भीती वाटते’ असं लिहिलंय. तिथं थांबलो, मॅडम. पुढं नाय वाचलं.”

विशाखाताईंनी मान खाली घातली. ऊन लागत होतं… तरी त्यांना तिथून निघावंसं वाटेना.

घरी येऊन त्यांनी वही उघडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, मोठ्या गोल अक्षरात एक नोंद होती:

‘१७ ऑगस्ट, साडेनऊ. परक्या बाईची गाडी नेली. कारण: मेथी ताजी होती.’

पुढच्या रविवारी त्या वही घेऊनच बाजारात गेल्या. “नोंद पेन्सिलीनं करत नाहीत,” त्यांनी सांगितलं. “प्रयोगशाळेत खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. आणि शेजारी सही करायची.”

“अन् चुकलेलं कोनालाच दिसू नये असं वाटलं तर?”

“तसं वाटणाऱ्याला आम्ही प्रयोगशाळेत घेत नाही.”

“मंग मी बाहेरच बरा,” ते म्हणाले आणि कानामागची पेन्सिल काढली.

वही आळीपाळीनं दोघांकडं राहू लागली. विशाखाताईंचं लिहिणं नेमकं होतं: ‘चहा गाळला, खाली कप नव्हता. कारण: टीव्हीच्या बातमीकडं लक्ष.’ काकासाहेबांचं तसं नव्हतं. ‘लासूरला लग्नाला गेलो. जेवलो, आशीर्वाद दिला, फोटो काढला. लग्न दुसऱ्यांचंच. कारण: जिलबी गरम होती.’ ‘दोन पायांत दोन रंगांच्या चपला. कारण: एक डावी, एक उजवी, हिशेब बरोबर.’ ‘क्रीडा संकुलातून घरी जाताना तीन चकरा मारल्या. कारण: हवा चांगली होती.’

त्या क्रीडा संकुलात आता दोघं रोज सकाळी चालत. काकासाहेबांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती. ते मुलगा आणि सून सायली यांच्याकडं पुंडलिकनगरात राहत. श्रावणाची भुरभुर संपून गणपती आले नि गेले. विशाखाताई चालताना खाली पाहून कुठल्या रंगाची साडी नेसलीय याची खात्री करू लागल्या. आधी त्या फक्त पिन लागलीय का, तेवढं पाहत.

“निळी शोभती तुम्हाला,” एकदा ते म्हणाले.

“ही जांभळी आहे.”

“लिहू का मग वहीत?”

“नको,” त्या म्हणाल्या आणि कारण नसताना चालण्याचा वेग वाढवला.

ऑक्टोबरात डॉक्टरांची वेळ मिळाली. काकासाहेब सोबत आले. बाकावर दोघांच्या मध्ये वही होती.

“मॅडम, एक इचारू?”

“विचारा.”

“आत काय बी निघू दे. बंगळुरूला जाऊ नका.”

“मग?”

“मग… हितंच राहा. माझ्यासोबत.” ते समोरच्या भिंतीकडं बघत होते. “दोघांचं मिळून एकाचं तरी ध्यान जागेवर राहील.”

विशाखाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “आतून आल्यावर सांगते,” त्या म्हणाल्या. उत्तर तयार होतं. फक्त तपासणीआधी निष्कर्ष लिहायची त्यांना सवय नव्हती.

डॉक्टर निलोफर तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी दोघांनाही आत बसवलं, विशाखाताईंना पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग एक कोरा कागद पुढं सरकवला. “घड्याळ काढा. आकडे लिहा, आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.”

“मी पण काढतो,” काकासाहेब शेजारच्या स्टुलावरून म्हणाले आणि टेबलावरचा एक कागद ओढला. “बघू कोनाचं घड्याळ बरोबर चालतं.”

विशाखाताईंनी घड्याळ पूर्ण केलं आणि हसत शेजारी पाहिलं.

गोल छान आला होता, फोरमनच्या हाताचा. पण बाराचे बारा आकडे उजव्या बाजूला दाटीनं उतरले होते. डावी बाजू पूर्ण रिकामी. काटा एकच होता, आणि तो कुठल्याच आकड्याकडं जात नव्हता.

काकासाहेबांनी आपला कागद पाहिला. मग विशाखाताईंचा पाहिला. खोडरबर घेऊन सगळं पुसलं आणि जीभ दातांत धरून पुन्हा लिहायला घेतलं. आकडे पुन्हा उजवीकडंच गेले. एकतीस वर्षं या माणसानं घड्याळावर नजर ठेवून गाड्या वर्कशॉपातून बाहेर काढल्या होत्या.

“तुमचं काळजीसारखं काही दिसत नाही, मावशी,” डॉक्टर विशाखाताईंच्या नोंदी चाळून म्हणाल्या. “वयाचं विसरणं आहे. जो माणूस आपल्या विसरण्याची कारणं लिहून ठेवतो, त्याची मला कमी चिंता वाटते.” मग त्यांची नजर दुसऱ्या कागदावर गेली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “काका, पुढच्या आठवड्यात तुम्ही एकदा या. घरच्या कुणाला तरी घेऊन.”

काकासाहेबांनी कागदाची चौकोनी घडी केली, खिशात ठेवली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “मगाशी बाकावर एक बोललो होतो. ते खोडून टाका.”

“खोडता येत नाही. मी सांगितलंय तुम्हाला.”

“पेन्सिलीनं बोललो होतो, मॅडम,” ते म्हणाले आणि गाडी सुरू करून निघून गेले.

तीन रविवार ते बाजारात दिसले नाहीत. संकुलातही नाहीत. फोन सायली उचलायची आणि “बाबा झोपलेत” म्हणायची, सकाळी अकरा वाजता.

विशाखाताईंनी वही पहिल्यापासून वाचून काढली. या वेळी हसण्यासाठी नाही. त्यांच्या प्रत्येक चुकीपुढं कारण होतं. काकासाहेबांच्या प्रत्येक चुकीपुढं विनोद होता, कारण एकदाही नव्हतं. ‘हवा चांगली होती’पाशी त्या बराच वेळ थांबल्या. संकुल ते पुंडलिकनगर, दहा मिनिटांचा रस्ता. तीन चकरा. तो माणूस त्या दिवशी आपलं घर शोधत होता… आणि घरी गेल्यावर त्यानं पेन्सिल काढून त्यांना हसवलं होतं.

इंद्रजीतचा फोन आला. रिपोर्ट चांगला आल्याचा त्याला आनंद झाला होता. “तरी विचार कर, आई. इथं निवांत राहशील.”

“विचार केला,” त्या म्हणाल्या. “इथंच एक काम हातात घेतेय. लांब चालणारं आहे. तुला सविस्तर सांगीन.”

दुपारी त्या रिक्षानं पुंडलिकनगरात गेल्या. घरासमोर राखाडी स्कूटी उभी होती, आरशाला तडा गेलेली. त्यांनी पर्समधून आपली किल्ली काढली, घातली. फिरली. मान वर केली तर दारात सायली उभी होती.

सायलीचे डोळे रडून सुजल्यासारखे होते.

“बाबांची गाडी आहे ती,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

सायलीनं आत जाऊन हेल्मेट आणून दिलं. “आम्ही आता त्यांना चालवू देत नाही, मावशी. पण गाडी तुम्ही नेली म्हटल्यावर आणायला नक्की निघतील. मी तुमच्या कोपऱ्यापर्यंत त्यांच्या मागं-मागं येते.”

अर्ध्या तासात फाटक वाजलं. काकासाहेब चालत आले होते, चपला मात्र एकाच रंगाच्या.

“विसरून आणली का?” त्यांनी अंगणातूनच विचारलं.

“नाही. चोरून आणली. ही चूक नाही. बसा.”

ते ओट्यावर टेकले. चहाचा कप पुढं आला तरी हात लावला नाही.

“डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं,” ते म्हणाले. “गोळ्यांनी जरा हळू होईल. थांबायचं नाय. एक दिवस तुमचं नाव तुम्हालाच इचारीन, मॅडम.”

“सांगीन.”

“परत इचारीन.”

“परत सांगीन.” विशाखाताई त्यांच्यासमोर बसल्या. “तीस वर्षं एकाच मातीचा नमुना मी तीन-तीनदा तपासलाय, काकासाहेब. तिसऱ्यांदाही पहिल्याइतक्याच लक्षानं. कंटाळा आला असता तर तेव्हाच आला असता.”

काकासाहेबांनी कप उचलला आणि थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

“बाकावर काय बोललो होतो मी?”

“आठवत नाही?”

“आठवतंय,” ते म्हणाले. “तुम्हाला आठवतंय का ते बघत होतो.”

विशाखाताईंनी वही आणली. काकासाहेबांचा हात पेन्सिलीसाठी कानामागं गेला, तशी विशाखाताईंनी मान हलवली आणि आपलं निळं पेन पुढं केलं. “आज पेननं.”

काकासाहेबांनी तारीख लिहिली, ती मात्र विशाखाताईंना विचारून. मग वेळेसाठी उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पाहतच राहिले. कपाळावर आठ्या पडल्या. विशाखाताईंच्या ओठांवर वेळ आली होती, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी वाट पाहिली.

‘सहा वाजून बावीस मिनिटं,’ काकासाहेबांनी लिहिलं. पुढं, गोल गोल अक्षरात: ‘विशाखाला लग्नाचं इचारलं. ती व्हय म्हणाली.’

“अजून म्हणाले नाही मी,” त्या म्हणाल्या.

“मग म्हणा ना. शाई वाळती.”

“हो,” त्या म्हणाल्या.

कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्यांनी विशाखाताईंकडं पाहिलं, थोडं हसले, आणि रकाना रिकामा ठेवून वही त्यांच्या हातात दिली.

घड्याळात साडेचार वाजून मिनिटभर झालं होतं. काकासाहेबांच्या नजरेत दोन्ही काट्यांनी जागा बदलल्या होत्या, एवढंच. विशाखाताईंनी पेन घेतलं. लिहिलेल्या वेळेवर रेघ मारली नाही. तिच्या शेजारी फक्त सही केली.