काळ्या ताडपत्रीखालचा उजेड

कस्तुरीने ताडपत्री उचलून टाकीत डोकं घातलं आणि ती तशीच थबकली. बाहेर टळटळीत दुपार होती, पण ताडपत्रीखालच्या काळोखात पाणी निळसर हिरवं चमकत होतं. तिने हात बुडवला, तर हातही चमकायला लागला.

"आजो, ह्या पाण्यात दिवे कोणी लावले?"

आजोबांनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहराच उतरला. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, खाडीकाठी, कोळंबीची पिल्लं वाढवण्याचं हे केंद्र ते चालवत. सूक्ष्मजीवांच्या संशोधनात जन्म गेला, पण मनातलं तोंडावर न दिसू देणं काही त्यांना जमलं नव्हतं.

"दिवे नाय गो. जिवाणू आसत ते," ते म्हणाले.

हे जिवाणू (एकाच पेशीचे अतिसूक्ष्म सजीव) थोडे असले तर गप्प राहतात. त्यांची गर्दी झाली की सगळे मिळून चमकू लागतात आणि पिल्लं पटापट मरतात. शेजारची टाकी अशीच रिकामी झाली होती. आता ही. याच टाकीतली पिल्लं कस्तुरीच्या आईच्या कोळंबीच्या तळ्यात सोडायची होती. ती गेली तर तळं वर्षभर ओस पडणार होतं.

"मगे औषध घाल मां."

आजोबांनी मान हलवली. औषधाने चांगले जिवाणूही मरतात, आणि वाईटांतले जे वाचतात ते पुढे औषधालाच भीक घालत नाहीत. उपाय होता तो फाजांचा. फाज (जिवाणूंची शिकार करणारा विषाणू) जिवाणूला चिकटतो आणि स्वतःचा आराखडा त्याच्या आत सोडतो. आत त्याच्या पुष्कळ प्रती तयार होतात, जिवाणू फुटतो आणि त्या पुढच्या शिकारीला निघतात. कोळंबीला तो हात लावत नाही. पिल्लांचं जेवण असलेल्या सूक्ष्मशैवालालाही (पाणी हिरवं करणाऱ्या इवल्या वनस्पतीसारख्या सजीवांना) नाही. प्रत्येक फाजाचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, आणि अडचण नेमकी तीच होती. शेजारच्या टाकीसाठी आजोबांनी फ्रिजमध्ये साठवलेले सगळे फाज वापरून पाहिले होते, पण या जिवाणूंना एकही लागू पडला नव्हता.

एवढ्यात कुर्ली आली. टाक्यांच्या काठावरून खेकड्यासारखं तिरकं चालणाऱ्या रोबोटचं हे नाव कस्तुरीनेच ठेवलं होतं.

"शेजारच्या टाकीत एकही पिल्लू उरलेलं नाही," कुर्ली म्हणाली. "नियमाप्रमाणे ब्लीचिंग टाकून पाणी निर्जंतुक करते."

कस्तुरी कुर्लीने पायांत धरलेल्या ब्लीचिंगच्या डब्याकडे बघत राहिली. तिचे बाबा होडीवर जात. मासळीसाठी जाळं कुठे टाकायचं, हे ठरवायला ते आधी आभाळात बघत.

"आजो, जंय म्हावरां, थंयच पक्षी घिरट्यो घालतत मां? मगे ह्या जिवाणूंचे शिकारी त्याच टाकीत नसतले?"

आजोबांनी कुर्लीच्या वाटेत हात आडवा घातला.

"कुर्ले, थांब," ते म्हणाले. "शिकारी मी फ्रिजात शोधतंय आणि हयसर त्यांका ब्लीचिंगान मारूक निघालंय. ह्यां माझ्या टकलेत कसां नाय इलां?"

त्यांनी शेजारच्या टाकीतलं ते रोगट पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की जिवाणू वर अडकले आणि त्यांच्याहून कितीतरी लहान फाज खाली उतरले. त्या पाण्याचे थेंब जिवाणूंत मिसळून ते काचेच्या ताटलीवर पसरले आणि त्यांची दुधाळ साय धरू दिली. दुसऱ्या दिवशी सायीत गोल, स्वच्छ भोकं पडलेली होती. तिथे शिकार झाली होती. आजोबांनी ते फाज वाढवले आणि ताज्या हिरव्या पाण्याबरोबर टाकीत सोडले.

"माणसाच्या जखमेतल्या जिवाणूंका पण हे खातत?" कस्तुरीने विचारलं.

"शोधतत लोक. काही जखमांका गुण इलोहा. अजून खूप शोधूचां आसा. तुमच्यासाठी ठेवलंहा."

काही दिवसांनी कस्तुरीने पुन्हा ताडपत्रीखाली डोकं घातलं. आत मिट्ट काळोख होता. तिने भीत भीत हात बुडवला, आणि बोटांना बारीक बारीक टिचक्या बसू लागल्या.

"आजो, कायच चमकणा नाय," ती आतूनच म्हणाली. "पण पिल्लां खूप आसत."

"मगे बघतंस काय? तुझ्या आवशीक जावन सांग, पिल्लां येतत, तळ्यात पाणी घेवक लाग म्हणान."