पेरूच्या बागेचा चौथा कोपरा

"पकड, पकड! नकाशा उडाला!" कावेरी ओरडली. मुग्धाने झेप घेऊन कागद पायाखाली दाबला.

"उपग्रह वर्षानुवर्षं आकाशात टिकतो, अन् तुला एक कागद धरवत नाही!" प्रणीतने टोमणा मारला. हा कावेरीचा आतेभाऊ, नुकताच पुण्याहून बेंगळुरूला आलेला. मुग्धा कावेरीची हेब्बाळची शेजारीण. सुट्टीत तिघं के. आर. पुरमच्या पुढे, कावेरीच्या आजोबांच्या, म्हणजे आप्पाजींच्या, पेरूच्या बागेत आली होती.

पण बागेला अवकळा आली होती. उपग्रहाच्या चित्रांवरून पाणी समितीने सगळ्या बागांच्या पाण्याचा अंदाज काढला, त्यात आप्पाजी सर्वांत उधळे ठरले! म्हणून वीस दिवस बोअरला सील होतं. तीनशे झाडांची पानं वळली होती, कोवळे पेरू टपटप गळत होते. आप्पाजींनी जेवणच टाकलं होतं.

"उपग्रह खोटं बोलेल?" मुग्धाने विचारलं.

"तो फक्त जमिनीचा ताप बघतो," कावेरी म्हणाली. "पानांतून पाणी उडालं की जमीन गार. गार ते निळं. नकाशावरचं हे चित्र सील लागण्याआधीचं. बघ, बाग सगळी फिकट, अन् हा एकच तिरपा तुकडा गर्द निळा!"

"एकाच ठिबकचं पाणी, मग रंग दोन कसे?" प्रणीत चमकला. "चला, कोपरे शोधू!"

नकाशावर चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश होते. मोबाइल हातात धरून तिघं निघाली. तीन कोपरे कुंपणावर बरोबर जुळले. चौथा मात्र कुंपणापलीकडे! तारेखालून सरपटत गेल्यावर दिसलं लग्नसमारंभाचं भलंमोठं लॉन. भर दुपारी फवारे गरगर फिरत होते, आणि चौथा कोपरा होता तिथल्या आंब्याच्या सावलीत!

"यारु अदु? कोण आहे तिकडे?" रखवालदार गरजला.

"फोटो काढ अन् पळ!" कावेरी ओरडली. प्रणीतची चड्डी तारेत टरकली, पण फोटो मिळाला!

तिघं तडक समितीच्या कचेरीत गेली. मोजणी करणाऱ्या वीणा अक्का फोटो बघून गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"ऊन फार होतं गं. तेव्हा कुंपण नव्हतं. आप्पाजींनीच आंब्याखाली बसवलं, ताक दिलं. म्हणाले, 'पाहुणीला उन्हात कशाला चालवू? तो बघा कोपरा, तिकडे.' मी बसल्या जागी बटण दाबलं, अन् लॉनचं पाणी आप्पाजींच्या नावावर चढलं."

"आणि लॉनचं पाणी कुणी मोजलं?" मुग्धाने विचारलं.

समितीप्रमुख विश्वेश्वर खाकरले. "यादी बागांची होती. लॉन म्हणजे बाग नव्हे."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी!" कावेरी कडाडली.

संध्याकाळच्या आत विश्वेश्वरांनी स्वतः येऊन सील तोडलं. लॉनचंही मोजमाप होईल, असं लिहून दिलं. "शाब्बास पोरांनो! आम्हा मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत," ते म्हणाले. वीणा अक्कांनी आप्पाजींपुढे हात जोडले.

आप्पाजींनी बटण दाबलं. मोटार घरघरली. नळीतून फुस्सकन हवा आली, मग ओंजळभर गढूळ पाणी, मग पुन्हा नुसती हवा. लॉनच्या खोल बोअरने खालचं सगळं ओढून घेतलं होतं.



"आम्ही उशीर केला, आप्पाजी," कावेरी रडू लागली.

"नाही गं पुट्टी, माझ्या बाळा. माझ्यावरचा डाग तुम्ही पुसलात. तो घेऊन मेलो असतो." आप्पाजींनी मोटार बंद केली. "उद्यापासून एक टँकर येईल. तेवढ्यात वीस झाडं जगतील, जास्त नाही. मला निवडवत नाहीत. मीच लावलीत ना सगळी. तू निवड."

कावेरीने डोळे पुसले. ती पहिल्या झाडापाशी गेली, फांदी वाकवून बघितली आणि मान हलवून पुढच्या झाडाकडे वळली.