सरांचं इंजेक्शन

भूगोलाच्या सरांना मुलं मागून टोमॅटो म्हणायची, आणि त्यात मुलांची काही चूक नव्हती. तिसऱ्या तासाला नकाशा टांगता टांगता सरांची मान लाल व्हायची, मग कान, मग कपाळ. पाठोपाठ पोटात कळ आली की सर खडू टाकून पळायचे. आतड्यातल्या गाठी नको तेवढे हार्मोन रक्तात सोडतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाठी काढण्याजोग्या नव्हत्या. उपाय एकच, दर अठ्ठावीस दिवसांनी कमरेत एक जाड सुई, जन्मभर.

"लग्नासारखंच झालं की," सर म्हणाले. बायको हसली नाही.

इंजेक्शन मात्र लागू पडलं. चेहरा निवळला, पोट शांत झालं आणि सर पूर्ण तास उभे राहून शिकवू लागले.

चौथ्या महिन्यात, एका सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालताना बायकोची मान लाल झाली. मग कान, मग कपाळ. बादली तिथेच टाकून ती आत पळाली. सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. "वयाचं असेल," डॉक्टर म्हणाले. ते वय उलटून तिला दहा वर्षं झाली होती. आणि तिला त्रास व्हायचा तो बरोबर तिसऱ्या तासाच्या वेळेला.

सर पुराव्याशिवाय विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी एका दुपारी शाळेत मुद्दाम चीज खाल्लं, जे पूर्वी त्यांना हमखास बाधायचं. त्यांना काही झालं नाही. घरी आले तर बायको न्हाणीघराच्या फरशीवर बसलेली.

"मी तर नुसता पाव खाल्ला हो," ती म्हणाली.

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. इंजेक्शन घ्यावं तर तिचे हाल, न घ्यावं तर आपले. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी तिला न सांगता पुढची तारीख चुकवली.

पंधरवड्यात त्यांची मान पुन्हा तापू लागली, वजन उतरून पँट कमरेवर राहीना. तरी सर मनातून सुखावले होते, कारण बायको गुणगुणत भांडी घासत होती.

एका सकाळी ते गुणगुणणं थांबलं.

"तारीख चुकवलीत ना?"

"तुला बरं वाटतंय ना? मग झालं."

"तुम्हाला हे झेपत नाही. मला झेपतं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"चप्पल घाला."

दवाखान्यातली खोली लहान होती, बिनखिडकीची. सिस्टरने दार लावलं. सर कुशीवर आडवे झाले आणि लगेच उठू लागले.

"मला नको. घरी चल."

बायकोने त्यांचं मनगट धरलं. ती पकड सुटेना.

सुई शिरली. सरांना काहीच टोचलं नाही.

बायकोने मात्र ओठ घट्ट मिटले.

सिस्टरने कापसाचा बोळा काढला. सरांकडे न बघता तो बायकोच्या हाती दिला.

"दाबून धरा, ताई," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

बायकोने कपड्यांखाली हात घालून बोळा आपल्या कमरेवर दाबला. थोड्या वेळाने काढला, तेव्हा त्यावर रक्ताचा बारीक ठिपका होता.